ताश्कंदहून परतलेले चार टाक

१

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता भोकरदनमध्ये झुंबरबाई गावंडे यांनी देवांचा पितळी डबा उघडला. त्यात चार टाक होते. घरातून नेले होते पाच.

टाक म्हणजे घरातल्या कुलदैवतांचे पत्र्यावर उठवलेले लहान मुखवटे. गावंड्यांचे चार टाक चांदीचे होते आणि पाचवा, खंडोबाचा, सोन्याचा. तो झुंबरबाईंच्या आजेसासऱ्यांच्या काळापासूनचा. नेमका तोच नव्हता.

आदल्या संध्याकाळी कुटुंब उझबेकिस्तानहून परतलं होतं. थोरला मुलगा रामप्रसाद बियाण्यांचं दुकान चालवतो. एका कंपनीनं विक्रेत्यांसाठी ताश्कंद, समरकंद, बुखाऱ्याची सहल काढली आणि त्यानं अख्खं घर बरोबर घेतलं. घराला कुलूप लागणार, तर देव कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न निघाला. भाऊबंदांवर झुंबरबाईंचा विश्वास नव्हता आणि देव बिनपूजेचे ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून देवही सहलीला गेले. डबा पूर्ण प्रवासात थोरली सून सुरेखा हिच्या पिशवीत होता. परतल्यावर तो तसाच देवघरात ठेवला गेला, कारण पारोशानं देव उघडायचे नाहीत असा त्या घरचा नेम आहे.

"डबा कोणाच्या मांडीवर होता?" झुंबरबाईंनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या," सुरेखा म्हणाली.

"मंग देव कुठंय?"

"मला न्हाई माहीत, आत्याबाई."

झुंबरबाई थोरल्या मुलाकडे वळल्या. "रामप्रसाद, संध्याकाळच्या आत हिला शहागडला पोचती कर, भावाच्या घरी. देव सापडल्याशिवाय हिनं या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई."

रामप्रसाद खाली पाहत बाहेर गेला. थोड्या वेळानं झुंबरबाईंनी राजूरला भावाला फोन लावला.

२

धर्मराज हे झुंबरबाईंचे धाकटे भाऊ. पोलीस खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा गुन्हे शाखेत होते. आता राजूरला शेती पाहतात. भाच्यांमध्ये वाद निघाला की मामाला बोलावायचं, हे ठरलेलं.

ते आले तेव्हा ओसरीसमोर रामप्रसादच्या गाडीची डिकी उघडी होती. तो स्वतः सुरेखाची कपड्यांची पिशवी आत ठेवत होता.

"अक्का, गेलं काय ते नको सांगू," धर्मराज म्हणाले. "राह्यलंय काय, ते दाखव."

डबा समोर आला. आत लाल फडकं, फडक्यात चार टाक. बाजूला कुंकवाची डबी आणि भंडाऱ्याची पुडी. धर्मराजांनी कशालाही हात न लावता खाली वाकून पाहिलं.

"फडक्यात ही सुपारी कोणी ठेवली?"

"असल पूजेतली," झुंबरबाई म्हणाल्या. "सोनं गेलंय, तू सुपारी काय पाहून राह्यला?"

"सकाळी कुठं होती ती?"

"मधेच होती. तुळजाभवानी अन् पितरांच्या मधे."

"तिथं कोणता देव बसतो?"

"खंडोबा. पण त्याचं काय?"

सुपारी पिवळी होती. नुसती हळद लागलेली नव्हे. वरून चिमूटभर भंडारा नीट वाहिलेला होता.

"तुझे गुडघे कसे होते गं तिकडं?" त्यांनी एकदम विचारलं.

"बरे होते. तो राजा पुरलाय न, तैमूर, त्याच्या कबरीच्या पायऱ्या उतरले मी. एवढा मोठा राजा, पण दिवा न्हाई लावत कोणी. ताश्कंदला मात्र शेवटच्या सकाळी उठताच येईना. सुरेखानं माझ्या खोलीत येऊन तेल लावलं, शेकलं. नाश्त्यापर्यंत माझ्याजवळच होती." मग त्यांचा आवाज पुन्हा चढला. "सेवा करती, म्हणून देव चोरायचा का?"

३

रामप्रसादचा धाकटा भाऊ आदिनाथ संभाजीनगरला कोचिंग क्लास चालवतो. मामांनी विचारायच्या आधीच तो बोलू लागला.

"मामा, वहिनीचं नाव उगंच घेऊन राह्यलेत. सोनं बाहेरच्यानं पाह्यलं होतं. समरकंदच्या स्टेशनावर."

"काय झालं होतं?"

"तिकडं स्टेशनात शिरताना सगळ्या पिशव्या मशिनीतून जातात. डबा दिसला, शिपायानं उघडला. सोन्याचा टाक बोटानं उचलून दुसऱ्याला दाखवू लागला. माय जी ओरडली! 'हात नको लावू, मेल्या!' अख्खं स्टेशन वळून पाहू लागलं. इजहारनं मधे पडून सोडवलं. देव आहेत, पूजेचे आहेत, म्हणून."

इजहार हा जालन्याचा. सहलीचा व्यवस्थापक म्हणून तो बरोबर होता.

"मंग?"

"मंग काय? त्याला कळलं, सोनं आहे ते. खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याच हातातून जायच्या. मी सकाळीच फोन करून झापलाय त्याला. ठाण्यात देतो म्हटलं. त्यानं फोन बंद केला."

"शिव्या खाऊन कोणीही करील. तू दुसऱ्या फोनवरून लाव. म्हणावं, राजूरच्या मामांनी बोलावलंय, विनंती आहे."

"विनंती?"

"हो. तुझ्या तोंडातून आली म्हणजे आणखी बरी."

आदिनाथ उठला, तसे धर्मराज म्हणाले, "एक सांग. वाटण्या झाल्या तर देव कोणाकडं?"

"मोठ्याकडंच. देव जिथं, कुळाचाराचा मान तिथं. मला काही देणंघेणं न्हाई मामा, मी देव-बिव मानत न्हाई."

"अन् शीतल?"

"ती मानते," आदिनाथ म्हणाला आणि लगेच त्याला आपण बोललो त्याचा पश्चात्ताप झालेला दिसला.

४

शीतल ही आदिनाथची बायको. सहलीत रोज सकाळच्या पूजेचा फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकायचं काम झुंबरबाईंनी तिला दिलं होतं. देव परदेशात असले तरी पूजा चुकत नाही, हे भाऊबंदांना दिसलं पाहिजे होतं.

तिनं मोबाईल पुढे केला. ताश्कंदच्या हॉटेलातल्या टेबलावर पाच टाक. समरकंदला खिडकीत पाच टाक, मागे निळा घुमट. बुखाऱ्याला घडी घातलेल्या टॉवेलवर पाच टाक.

"पुढचा?"

"पुढचा न्हाई."

"बुखाऱ्याहून तुम्ही आगगाडीनं परत ताश्कंदला आलात. दुसऱ्या दिवशीची पूजा?"

"गेल्ते मी फोटो काढायला. सुरेखाताईंच्या खोलीचं दार आतून बंद. वाजवलं, तर दादांचा आवाज आला, पूजा झाली, देव ठेवले. दार उघडलंच न्हाई." शीतलनं आवाज खाली आणला. "मला तेव्हाच शंका आली होती मामा. ताई आत काय करून राह्यल्या, म्हणून."

धर्मराजांनी मोबाईल परत दिला नाही. बुखाऱ्याच्या फोटोआधी खंडोबाचा एकट्याचा, जवळून काढलेला एक फोटो होता. त्याखाली तो तिच्या भावाला पाठवल्याची खूण होती.

"खंडोबाचा हा फोटो तुझ्या भावाला कशाला पाठवला? तो जालन्याच्या सराफ्यात बसतो न?"

शीतलचा चेहरा उतरला. "तसाच करून घ्यायचा होता. आमच्या घरी. देव कायम दादांकडंच राहणार, मंग आम्ही कोणापुढं दिवा लावायचा? पण बनवायला नमुना हातात लागत न्हाई. फोटो बस होतो."

"नमुना असला तर जास्त बराबर बनतो."

"मामा, माझ्या लेकराची शपथ!"

"शपथा ठेव. एवढं सांग, देव घरात नसला, तर त्याच्या जागी तू काय ठेवशील?"

"सुपारी," शीतल पटकन म्हणाली. "अन् काय?"

५

सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळपासून तिनं चूल पेटवली नव्हती आणि तिला कोणी पेटव म्हटलंही नव्हतं.

"पोरी, ताश्कंदला शेवटच्या दिवशी पूजा कोणी केली?"

"मीच."

"तेव्हा पाच देव होते?"

"होते."

"किती वाजता केली?"

"सकाळी. नाश्त्याच्या आधी."

"नाश्त्याच्या आधी तू अक्काच्या गुडघ्याला तेल लावत होती."

सुरेखानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. धर्मराजांनी नोकरीत पुष्कळ खोटं ऐकलं होतं. स्वतःला वाचवणारा माणूस खोटं पकडलं गेलं की दुसरं शोधू लागतो. सुरेखा काहीच शोधत नव्हती.

"संध्याकाळी जाशील शहागडला?"

"सांगितलंय तर जाईन."

"अन् परत?"

"ते माझ्या हातात न्हाई." मग ती म्हणाली, "मामा, माझ्या भावाला काय सांगू? बहीण घरी का आली, तर देव चोरला म्हणून?"

६

इजहार दुपारी आला, जालन्याहून स्वतःची गाडी घेऊन. ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"वर ये," धर्मराज म्हणाले.

"इथंच बराय साहेब. सकाळी भाऊनं चोर म्हटलं. चोर ओसरीवर कसा बसणार?"

धर्मराजांनी आदिनाथकडे पाहिलं. आदिनाथ पुटपुटला, "चुकलं. रागात बोललो."

"अम्मा ओरडल्या तेव्हा त्या शिपायापुढं हात जोडणारा मीच होतो, भाऊ. विसरले बिलकुल." पण इजहार वर आला आणि कडेला बसला.

"मी तुला टाकाबद्दल काही विचारणार न्हाई," धर्मराज म्हणाले. "मला फक्त सांग, शेवटच्या दिवशी ताश्कंदला वाहतं पाणी कुठंय, असं तुला कोणी विचारलं?"

इजहार चमकला. "तुम्हांला कोणी सांगितलं?"

"कोणीच न्हाई. विचारलं का?"

"विचारलं. नदी जवळ आहे का, म्हणाले. मी म्हटलं, नदी न्हाई, अंखोर नावाचा कालवा आहे शहरातून, मोठा, पाणी वाहतं. सगळे जुनी मशीद अन् कुराणाची पुरानी प्रत पाहायला गेल्ते. ते आले न्हाई. पोट बिघडलं म्हणाले." इजहारनं ओसरीवरच्या माणसांकडे एकवार पाहिलं. "आदल्या दिवशी आगगाडीत पण ते अर्धा रस्ता उभे होते. जागा होती तरी. दशम्या दिल्या तर खाल्ल्या न्हाईत."

"कोण?" झुंबरबाईंनी विचारलं.

इजहारनं दाराकडे पाहिलं. गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या रामप्रसादकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

७

"सोन्यासाठी घेतलं असतं, तर घेणारा जागा रिकामी सोडून गेला असता," धर्मराज म्हणाले. ते बहिणीकडे पाहून बोलत होते. "इथं सुपारी बसवलेली आहे. तिला भंडारा वाहिलाय. भंडारा तुमच्या घरी कोणाला?"

"खंडोबाला."

"म्हणजे सुपारी खंडोबा म्हणून बसवली. हे इजहारच्या ध्यानात येणार न्हाई, अन् आदिनाथ ती तसदी घेणार न्हाई. शीतलला येईल. पण तिला देव नमुन्याला न्यायचा असता तर देव आहेच, सराफ्यात का असेना. तो असताना सुपारीत दुसरा कशाला बसवील? सुपारी बसवतात ती देव उरला न्हाई म्हणून. अन् घरातला देव पूजेतून कधी उठतो, अक्का?"

झुंबरबाईंचे ओठ हलले. "भंगला तर."

"भंगला तर काय करतात?"

"वाहत्या पाण्यात सोडतात." त्या भिंतीला टेकल्या. "कोणाच्या हातून भंगला?"

"बुखाऱ्याच्या सकाळी पाच देव होते. ताश्कंदच्या सकाळी पूजा बंद दाराआड झाली. त्या खोलीत दोघं राहत होते. त्यातली एक तुझ्याजवळ होती."

रामप्रसादनं किल्ली खाली ठेवली.

"समरकंदला त्या शिपायानं देवाला हात लावला, तो मला सहन झाला न्हाई," तो म्हणाला. "बुखाऱ्याच्या स्टेशनावर मी सोन्याचा टाक डब्यातून काढला. फडक्यात गुंडाळला अन् मागच्या खिशात घातला. म्हटलं, पिशव्या मशिनीत जातील, देव माझ्या अंगावर राहील. कोणी शिवणार न्हाई. आत गेलो, गाडी आली, जल्दी जल्दी चढलो, अन्..."

"अन् काय?"

"बसलो, मामा."

"कुठं?"

"देवावरच बसलो. गळ्यापासून दोन तुकडे झाले."

आदिनाथच्या तोंडून हसू फुटलं. त्याचं त्यालाच ते आवरता आलं नाही. दुसरं कोणी हसलं नाही.

"ताश्कंदला कालव्यात सोडला," रामप्रसाद म्हणाला. "हात जोडून सोडला माय. दिवसभर उपाशी होतो."

"अन् सकाळी इथं का न्हाई बोललास?" धर्मराजांनी विचारलं.

"ज्याच्या हातून देव भंगतो त्याच्याकडून कुळाचार जातो, आमच्यात. चुलत्याचा असाच गेल्ता. मी सांगणार होतो. माय ओरडली, अन् तोंड उघडलं न्हाई. मंग जेवढा वेळ गेला, तेवढं अवघड होत गेलं."

झुंबरबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी हाक मारली, "सुरेखे. पिशवी घरात आण. चहा टाक सगळ्यांना. इजहारला पण."

सुरेखा ओसरीवर आली, पण स्वयंपाकघराकडे वळली नाही.

"तुला माहीत होतं," धर्मराज तिला म्हणाले.

"पूजा ह्यांनी केली, एवढं माहीत होतं. जन्मात कधी न केलेली. अन् पूजा करून माणूस रडलेला दिसला, तेही माहीत होतं. बाकीचं ह्यांनी सांगावं म्हणून वाट पाहत होते. सकाळपासून." ती नवऱ्याकडे वळली. "देवावर बसलात, त्याचं मला काही न्हाई. चुकून होतं. पण माझी पिशवी तुम्ही स्वतःच्या हातानं गाडीत ठेवली."

"सुरेखा..."

"आत्याबाई, तुम्ही मला शहागडला जा म्हटलं होतं. जाते." तिनं डिकीतून पिशवी उतरवली. "इजहारभाऊ, जालन्यापर्यंत सोडता? पुढं एसटी मिळती मला."

इजहारनं धर्मराजांकडे पाहिलं. मग त्यानं पिशवी तिच्या हातातून घेतली.

८

त्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात अशा.

कुळाचाराचा मान कोणाकडे, यावर आदिनाथनं हक्क सांगितला नाही. शीतलनं सांगून पाहिला. झुंबरबाईंनी मान थोरल्याकडेच ठेवला आणि नवा टाक करायला दिला. तो तयार होऊन आला. नवा देव बसवायला नवराबायकोनं जोडीनं पाटावर बसावं लागतं. तिथी रविवारची निघाली.

झुंबरबाईंनी स्वतः शहागडला फोन केला. सुरेखानं त्यांना गुडघ्यांचं विचारलं. येण्याबद्दल ती एवढंच म्हणाली, "भाऊबंद जमतील. जुना देव कुठं गेला, ते विचारतील. तेव्हा उत्तर कोण देणार आहे, ते मला आधी कळू द्या."

हा निरोप रामप्रसादला त्याच दिवशी मिळाला.

शनिवारी दुपारी त्यानं दुकान बंद केलं आणि गाडी घेऊन तो निघाला. संध्याकाळी धर्मराजांना सुरेखाच्या भावाचा, राधेश्यामचा फोन आला. त्याचं शहागडला हायवेवर टायरचं दुकान आहे आणि घर दुकानाच्या मागेच.

"मामा, दाजी आलेत."

"बरं झालं. काय म्हणतात?"

"काही न्हाई. दुकानासमोर गाडी लावून आतच बसून राह्यलेत. चहा घेऊन गेलो, काच खाली केली न्हाई."

"अन् सुरेखा?"

"तिनं पाह्यलं खिडकीतून. बाहेर आली न्हाई, पण खिडकी लावली पण न्हाई."

हायवेवरच्या ट्रकांचे दिवे लागले, तेव्हा राधेश्यामनं पुन्हा फोन केला. दाजी अजून गाडीतच होते.